नदीच्या शोधाचे फलक लिहिताना सगळी नावे लिहा: नाशिकहून एक खुले पत्र

प्रति,
नाईल, झांबेझी आणि काँगो या नद्यांच्या शोधयात्रांची स्मारके सांभाळणाऱ्या, फलक लिहिणाऱ्या आणि प्रदर्शने भरवणाऱ्या सर्व संस्था,
लंडन, जिंजा, लिव्हिंगस्टन, बागामोयो आणि नाशिक

विषय: आफ्रिकेतील नदीशोधांच्या स्मारकांवर नाशिक-मुंबईत शिकलेल्या आफ्रिकी सहप्रवाशांची नावे येण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये, आफ्रिकेतल्या नद्यांचा शोध घेणारे मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांची समाधिशिळा आहे. विश्वासू हातांनी भूमी आणि सागर ओलांडून त्यांना इथे आणले, अशा अर्थाच्या ओळीने तिची सुरुवात होते. पुढे जन्माची तारीख आहे, जन्मगाव आहे, मृत्यूची तारीख आहे, ज्या गावात मृत्यू झाला त्याचेही नाव आहे. ते हात कोणाचे होते, एवढे मात्र तिथे लिहिलेले नाही. त्यांतले काही हात आमच्या नाशिकमध्ये, शरणपूरला, लिहायला आणि हत्यारे धरायला शिकले होते. त्या नावांसाठी हे पत्र आहे.

आत्ताच लिहिण्याचे कारण असे. प्रवासी हेन्री मॉर्टन स्टॅन्ली ९ ऑगस्ट १८७७ रोजी काँगोच्या मुखाजवळच्या बोमा गावी पोहोचले आणि मध्य आफ्रिकेतली लुआलाबा नदी म्हणजे काँगोचाच वरचा प्रवाह, हे त्या प्रवासाने कायमचे ठरले. २०२७ मध्ये त्याला दीडशे वर्षे होतील. अशी वर्षे आली की फलक नवे होतात, प्रदर्शने भरतात, पुस्तिका निघतात. आणि घाईत मजकूर जुन्या फलकावरूनच उतरवला जातो. तो पक्का होण्याआधी आमचे म्हणणे तुमच्यासमोर यावे आणि मराठी वाचकांसमोरही यावे, म्हणून पत्र खुले ठेवले आहे.

आमचा संबंध काय, ते आधी सांगतो. शरणपूर आज नाशिक शहराच्या पोटात आले आहे. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने तिथल्या ख्रिस्ती वसाहतीत आफ्रिकी मुलांसाठी आश्रम सुरू केला. विल्यम सॉल्टर प्राइस हे त्याचे प्रमुख होते. गुलामांची ने-आण करणारी गलबते ब्रिटिश आरमार हिंदी महासागरात पकडत असे. त्यांवरची काही मुले मुंबईला उतरवली जात आणि त्यांतली काही शरणपूरला येत. बरीचशी याओ समाजाची, न्यासा सरोवराच्या आसपासची. घरदार तुटलेले, मूळ नाव बदललेले, आणि हाती सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी लिहिणे-वाचणे अशी नवी विद्या. १८६५ मध्ये लिव्हिंगस्टन नाशिकला येऊन गेले. पुढच्या वर्षीच्या मोहिमेत त्यांच्याबरोबर शरणपूरचे नऊ तरुण होते.

त्या मोहिमेची यादी पाहा, म्हणजे एका माणसाच्या नावाने तिची ओळख करून देणे किती अपुरे आहे ते कळेल. मार्च १८६६ मध्ये झांझिबारहून निघून ही मंडळी रोवुमा नदीच्या मुखाजवळ मिकिंदानीला उतरली. मुंबईच्या मरीन बटालियनचे शिपाई, जोहाना बेटावरचे दहा जण, नाशिकचे नऊ, झांबेझीकाठचे सुसी आणि अमोडा, आणि मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकून आलेले चुमा आणि विकाटानी. बरोबर सहा उंट, तीन म्हशी आणि एक पारडू, दोन खेचरे, चार गाढवे. त्सेत्से माशीच्या मुलखात कोणते जनावर टिकते हे पाहायचे होते. एकही धडपणे टिकले नाही. माशीचा चावा हे एक कारण आणि जनावरांचे झालेले हाल हे दुसरे. त्यानंतर सगळे ओझे माणसांच्या डोक्या-खांद्यावर आले. मोहिमेत युरोपीय माणूस एकच होता.

आता तक्रारी.

पहिली तक्रार नावांची. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये नाईलचा उगम शोधणारे जॉन हॅनिंग स्पेक यांचा ग्रॅनाइटचा स्तंभ आहे. त्यावर स्पेक, व्हिक्टोरिया न्यांझा, नाईल आणि १८६४ हे साल, एवढेच. स्पेक यांच्या सरोवरांकडच्या दोन्ही प्रवासांत सिदी मुबारक बॉम्बे होते. लहानपणी गुलाम म्हणून विकले गेलेले, पश्चिम भारतात वर्षे काढून सुटका झाल्यावर आफ्रिकेत परतलेले हे याओ गृहस्थ. स्पेक आणि ते एकमेकांशी हिंदुस्तानीत बोलत. स्पेक यांचा प्रश्न हिंदुस्तानीतून बॉम्बे यांच्याकडे जाई, त्यांच्याकडून स्वाहिलीत, आणि गरज पडली तर पुढे आणखी एका दुभाष्याकडून गावच्या भाषेत. नदी कुठून येते, पलीकडे कोणते सरोवर आहे, हे उत्तरही त्याच वाटेने परत येई. या साखळीतली एक कडी निसटली की नकाशावर सरोवराची जागा चुकत असे. पुढे बॉम्बे स्टॅन्ली यांच्याबरोबर १८७१ मध्ये आणि व्हर्नी लव्हेट कॅमेरॉन यांच्याबरोबर १८७३ ते १८७५ मध्ये होते. चार मोहिमा आणि त्यांचे नेते बदलत गेलेले. त्या सगळ्यांना जोडणारा माणूस हा एकच. त्याचे नाव स्तंभावर नाही.

झांबेझीची गोष्टही अशीच सांगितली जाते. नोव्हेंबर १८५५ मध्ये लिव्हिंगस्टन आज व्हिक्टोरिया नावाने ओळखल्या जाणाऱ्या धबधब्यापाशी पोहोचले, ते मकोलोलोंचे राजे सेकेलेतू यांच्या पाठबळावर. माणसे, होड्या, बैल, विकायला हस्तिदंत, सगळे सेकेलेतू यांनी दिले होते. धबधब्याच्या काठावरच्या बेटापर्यंत ओढत्या पाण्यातून होडी नेणारे वल्हेकरी तिथलेच होते. धबधब्याला त्यांच्याकडे नाव होते: मोसी-ओ-तुन्या. वाटाड्या आणि दुभाषी सेक्वेबू लिव्हिंगस्टन यांच्याबरोबर किनाऱ्यापर्यंत आले, पुढे जहाजावर चढले आणि १८५६ मध्ये मॉरिशसजवळ मनाचा तोल जाऊन समुद्रात बुडाले. राजाने दिलेला खर्च आणि सेक्वेबू यांचा जीव, हे दोन्ही त्या 'शोधा'च्या हिशेबात धरायला हवेत.

दुसरी तक्रार अधिक तांत्रिक आहे आणि आमच्या मते अधिक महत्त्वाची. स्मारके शोधाचा दिवस साजरा करतात आणि शोधातली चूक झाकतात. त्यामुळे नदी कशी शोधली जाते, हेच वाचणाऱ्याला कळत नाही.

लिव्हिंगस्टन शेवटची सात वर्षे नाईलचा उगम शोधत होते. लुआलाबा म्हणजे वरची नाईल, अशी त्यांची धारणा होती. ती चुकीची होती. चूक का झाली, हे फलकावर चार ओळींत सांगता येते. अक्षांश काढायला सूर्याची किंवा ताऱ्याची उंची सेक्स्टंटने मोजली की भागते. रेखांशासाठी मात्र ठरलेल्या ठिकाणची अचूक वेळ सांगणारे क्रोनोमीटर लागते. घड्याळ चार सेकंदांनी चुकले की रेखांश एका मिनिटाने (अंशाच्या साठाव्या भागाने) चुकतो आणि विषुववृत्ताजवळ ते अंतर जवळजवळ १.८५ किलोमीटर भरते. म्हणजे घड्याळात एका मिनिटाचा फरक पडला तर नकाशावरचे ठिकाण सुमारे २८ किलोमीटर सरकते. १८६७ च्या सुरुवातीला चिखलवाटेवर क्रोनोमीटर वाहणारा माणूस घसरून पडला, घड्याळांची चाल बिघडली आणि त्यानंतरचे रेखांश चुकत गेले. त्याच जानेवारीत पळून गेलेल्या माणसांबरोबर औषधांची पेटीही गेली. बांगवेउलू सरोवराच्या दलदलीत शेवटच्या महिन्यांत जी भटकंती झाली, तिच्यामागे नकाशातली ही जुनी चूकही होती.

तिसरे मोजमाप उंचीचे. डोंगरमाथ्यावर पाणी कमी उष्णतेला उकळते. साधारण दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू एका सेल्सिअस अंशाने उतरतो, त्यावरून उंची काढत. म्हणजे थर्मामीटरच्या नळीवर अर्ध्या अंशाची चूक झाली तरी दीडशे मीटरचा फरक. लुआलाबाच्या काठावर न्यांग्वे येथे कॅमेरॉन १८७४ मध्ये पोहोचले आणि त्यांनी ती जागा सुमारे १,४०० फूट उंचीवर असल्याचे मोजले. नाईलच्या काठावरचे गोंडोकोरो त्याहून उंचावर होते. खालचे पाणी वर चढत नाही. लुआलाबा नाईल असू शकत नाही, हे तिथेच सिद्ध झाले. नदीच्या इतिहासातला हा खरा निर्णायक क्षण. त्या काफिल्याचे प्रमुख म्हणून तिथे सिदी मुबारक बॉम्बे होते. या क्षणाचे स्मारक करा, असे आमचे आवर्जून सांगणे आहे. त्यात धबधबा नाही की झेंडा नाही, पण विद्यार्थ्याला शिकण्यासारखे सगळे आहे.

युगांडातल्या जिंजाबद्दल थोडक्यात. व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल बाहेर पडते त्या जागी स्पेक २८ जुलै १८६२ रोजी पोहोचले आणि तिथल्या धबधब्याला त्यांनी, मोहीम ठरली तेव्हा रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे अध्यक्ष असलेले रिपन यांचे नाव दिले. तेच रिपन पुढे हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले आणि १८८२ च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावामुळे आपल्या पाठ्यपुस्तकांत आले. ओवेन फॉल्स धरणामुळे १९५४ मध्ये तो धबधबा पाण्याखाली गेला. स्मारकापाशी उभा असलेला प्रवासी आज संथ पाणी पाहतो आणि वर्णन धबधब्याचे वाचतो. तिथे जुन्या खडकांची उंची आणि धरणानंतरची पाणीपातळी दाखवणारा एक साधा उभा छेद काढून लावा, आणि नदीला स्थानिक लोक किइरा म्हणतात हेही लिहा.

तिसरी तक्रार सर्वांत मोठी आहे. लिव्हिंगस्टन यांचा देह किनाऱ्यापर्यंत आणण्याची गोष्ट भक्तीची म्हणून सांगितली जाते. निष्ठा होतीच, कोणी नाकारत नाही. पण निष्ठेने देह टिकत नाही. ते काम कौशल्याचे होते, नियोजनाचे होते, आणि ते कसे झाले याची नोंद आहे.

स्टॅन्ली यांनी १८७२ मध्ये किनाऱ्यावरून पाठवलेल्या तुकडीत शरणपूरचे आणखी काही जण होते: जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार आणि इतर. लिव्हिंगस्टन यांची स्वतःच्या हातची शेवटची नोंद २७ एप्रिल १८७३ ची. त्यानंतर चितांबो या गावप्रमुखांच्या गावी एका पहाटे ते खाटेशेजारी गुडघे टेकलेल्या स्थितीत मृत आढळले. मंडळींनी बसून विचार केला. सुसी आणि चुमा हे सर्वांत जुने, म्हणून पुढारपण त्यांच्याकडे आले. जेकब वेनराइट यांनी पेट्या उघडून प्रत्येक वस्तूची यादी केली. पुढे कोणी चोरीचा आळ घेतला तर हाती कागद असावा म्हणून. गावात प्रेत आहे हे कळले तर दंड बसेल ही भीती होती, म्हणून चितांबो यांच्याशी बोलून परवानगी घेतली.

गावापासून थोड्या अंतरावर वर उघडी अशी झोपडी बांधली आणि वन्य प्राणी येऊ नयेत म्हणून भोवती मजबूत कुंपण घातले. शवविच्छेदन पाहिलेले फरिजाला यांनी छोटा छेद घेऊन आतले अवयव काढले. मदतीला कॅरस फरार होते. पोटात डाव्या बाजूला हाताच्या पंजाएवढी रक्ताची गाठ मिळाली. हृदय आणि इतर अवयव पत्र्याच्या पेटीत घालून खोल खड्ड्यात पुरले आणि जेकब यांनी प्रार्थनापुस्तकातून अंत्यविधी वाचला. देहात मीठ भरले, तोंडात ब्रँडी घातली आणि केसांना लावली. चौदा दिवस उन्हात वाळवताना रोज एकदा कूस बदलली, नाहीतर खालची बाजू ओली राहून कुजली असती. मग कापडात गुंडाळून, लांबी कमी व्हावी म्हणून पाय गुडघ्यात दुमडून, झाडाच्या सालीच्या नळकांड्यात ठेवले, वरून शिडाचे कापड शिवले आणि दोन माणसांना खांद्यावर घेता येईल असे वाशाला बांधले. चितांबो यांना बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा आणि काही वर्तमानपत्रे दिली, पुढे कोणी गोरा माणूस आला तर इथे एक गोरा राहून गेला याचा पुरावा म्हणून. वणव्यात झाड जळू नये यासाठी भोवतालचे गवत काढत राहण्याची विनंती केली. झाडावर जेकब यांनी नाव आणि तारीख कोरली, आणि खाली याझुझा, म्नियासेरे, उचोपेरे अशी तीन नावे. त्यांतले म्नियासेरे आणि उचोपेरे पुढे १८७४ मध्ये स्टॅन्ली यांच्या काँगोच्या मोहिमेतही होते. म्हणजे २०२७ च्या समारंभाशी त्यांचा थेट संबंध आहे.

ऑक्टोबरमध्ये आजच्या टांझानियातल्या उन्यान्येंबेला कॅमेरॉन भेटले. देह इथेच पुरा, असा त्यांचा सल्ला होता. मंडळींनी तो मानला नाही. कॅमेरॉन यांनी लिव्हिंगस्टन यांची बरीचशी मोजमापाची उपकरणे मात्र स्वतःकडे ठेवून घेतली. पुढच्या मुलखात लोक प्रेत नेऊ देईनात, तेव्हा यांनी साल काढून देहाला कापडाच्या गाठोड्याचा आकार दिला आणि दुसरे एक खोटे गाठोडे काड्यांनी भरून, प्रेत परत पुरायला नेतो आहोत असे दाखवत माघारी पाठवले. ते रात्री जंगलात उधळून टाकून ती माणसे आडवाटेने पुन्हा सामील झाली. फेब्रुवारी १८७४ मध्ये, हजार मैलांहून अधिक चालून, नऊ महिन्यांनी काफिला किनाऱ्यावरच्या बागामोयोला पोहोचला. देहाबरोबर रोजनिश्या, नकाशे आणि नोंदीही आल्या. नदीबद्दल लिव्हिंगस्टन यांनी शेवटच्या वर्षांत जे काही जमवले होते, ते जगाला मिळाले ते याच माणसांमुळे.

झांझिबारला त्यांना पगार देऊन मोकळे केले गेले. इंग्लंडला देहाबरोबर फक्त जेकब गेले. १८ एप्रिल १८७४ रोजी ॲबीतल्या अंत्यविधीत शवपेटीचे मानकरी म्हणून ते उभे होते. सुसी आणि चुमा नंतर पोहोचले, आणि लिव्हिंगस्टन यांचे मित्र होरेस वॉलर यांनी त्यांच्या शेवटच्या रोजनिश्यांचे संपादन केले ते या दोघांना समोर बसवून, त्यांना विचारत. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने साठ रुप्याची पदके पाडली. तोवर माणसे पांगली होती. जेकब यांनी या प्रवासाची स्वतःची रोजनिशी ठेवली होती. ती १८७४ मध्ये छापली गेली ती जर्मन अनुवादात. नाशिकमध्ये शिकलेल्या माणसाने इंग्रजीत लिहिलेली रोजनिशी, आणि ती मराठीत आणण्याची आठवण आपल्याला अजून व्हायची आहे. हा दोष आम्हा मराठी मंडळींकडेही येतो.

चौथी तक्रार सोज्ज्वळ करण्याच्या सवयीची. 'एकनिष्ठ सेवक' असा एकच साचा करून ही माणसे त्यात बसवली जातात. नाशिकच्या नऊ जणांतले काही पळून गेले, काहींनी चोरी केली, काहींनी पुढे यायला नकार दिला. लिव्हिंगस्टन यांनी त्यांच्याबद्दल कडवट लिहिले आहे. रिचर्ड पहिल्याच वर्षी आजारपणात गेले. जेम्स यांना १८७१ मध्ये मन्येमा प्रदेशात धान्य आणायला जाताना बाण लागून मृत्यू आला. जून १८७० मध्ये इतरांनी पाय मागे घेतले तेव्हा लिव्हिंगस्टन यांच्याबरोबर तिघेच निघाले: सुसी, चुमा आणि नाशिकचे एडवर्ड गार्डनर. नकार देणाऱ्यांकडे कारणे होती: ताप, उपासमार, युद्धाचा मुलूख आणि घराचा पत्ता नसलेले आयुष्य. हे सगळे लिहा. स्त्रियाही लिहा. स्वयंपाकाची सगळी जबाबदारी हलिमा यांच्यावर होती. त्यांच्यासाठी झांझिबारला घर आणि बाग घेऊन द्यायचे लिव्हिंगस्टन यांच्या मनात होते, इतके त्यांना हलिमा यांच्या कामाचे मोल होते. न्ताओएका याही शेवटपर्यंत काफिल्यात होत्या.

पाचवी तक्रार काँगोच्या समारंभापुरती. बोमाला पोहोचले आणि पडदा पडला, असे दाखवू नका. १८७९ मध्ये स्टॅन्ली बेल्जियमचे राजे लिओपोल्ड दुसरे यांच्या कामासाठी काँगोवर परतले. १८८५ मध्ये काँगो फ्री स्टेट उभे राहिले. रबरासाठी सक्तीची मजुरी, ओलीस ठेवलेल्या बायका, तोडलेले हात, हे ज्या नदीमार्गाने घडले तो मार्ग याच शोधाने खुला झाला होता. १८७७ चा फलक लावायचा तर १८८५ त्याच फलकावर हवे, शेजारच्या दालनात नको.

रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने २००७ मध्ये 'बॉम्बे आफ्रिकन्स' या विषयावर आणि २००९ मध्ये शोधयात्रांच्या झाकल्या इतिहासावर प्रदर्शने भरवली, याची आम्हाला कृतज्ञ जाणीव आहे. संशोधकांनी पुष्कळ काम केले आहे. पण प्रदर्शन काही महिन्यांनी उतरते आणि दगड शंभर वर्षे उभा राहतो. जे प्रदर्शनात मान्य केले ते दगडावर यावे, इतकेच मागणे आहे.

मागण्या अशा.

ॲबीतली शिळा ऐतिहासिक आहे, तिला हात लावू नये. तिच्याजवळ, उभ्याने वाचता येईल असा स्वतंत्र फलक लावावा आणि त्यावर सुसी, चुमा, जेकब वेनराइट, कॅरस फरार, मॅथ्यू वेलिंग्टन, फरिजाला, एडवर्ड गार्डनर, हलिमा, न्ताओएका आणि नोंदीत सापडणारी बाकीची सर्व नावे द्यावीत. केन्सिंग्टनच्या स्तंभापाशी सिदी मुबारक बॉम्बे यांच्यासाठी असेच करावे.

मृत्यूची तारीख देताना दोन्ही द्याव्यात. शिळेवर १ मे आहे, जेकब यांनी झाडावर ४ मे कोरली होती. एकच छापली की दुसऱ्या नोंदीवर चुकीचा शिक्का बसतो आणि झाडावर कोरणाऱ्या माणसाची साक्ष पुसली जाते.

अभिलेखागारांनी एकेका माणसाची सगळी नावे एकमेकांना जोडावीत. मॅथ्यू वेलिंग्टन यांचे मूळ नाव चेंगविंबे. नॅथॅनिएल यांना काफिल्यात मबरुकी म्हणत. मबरुकी नावाचे दुसरेही लोक इतर मोहिमांत होते, त्यामुळे गल्लत होते. नाशिकचे नाव जुन्या इंग्रजी कागदांत दोन एस आणि शेवटी सीके असे लिहिले जाई. आजच्या हिज्जाने शोध घेतला तर ते कागद सापडतच नाहीत. सूचीत दोन्ही हिज्जे घालणे हे एका दुपारचे काम आहे.

जेकब वेनराइट यांच्या रोजनिशीचा मराठी अनुवाद करायला आणि तो विनामूल्य उपलब्ध ठेवायला, जी संस्था हस्तलिखित सांभाळते तिने परवानगी द्यावी. अनुवादाचे काम आम्ही करू.

नाशिक महानगरपालिका, शहरातल्या शाळा आणि चर्चची मंडळी यांना वेगळे सांगणे आहे. शरणपूर परिसरात ठळक जागी मराठी, इंग्रजी आणि स्वाहिली अशा तीन भाषांत फलक लावावा. विनाइलवर छापलेला नको. नाशिकच्या उन्हात रंग उडतो आणि कडा सुटतात. पितळी नको, चोरीला जाते. काळ्या पाषाणात खोल कोरावा. अक्षरे बारीक केली तर अनुस्वार, रफार आणि उकार आधी झिजतात आणि दोन पावसाळ्यांत नावे वाचता येईनाशी होतात. म्हणून अक्षर मोठे, ओळींत मोकळे अंतर आणि एका भाषेत शंभर-सव्वाशे शब्दांहून अधिक मजकूर नको. नावे आधी, वर्णन नंतर. कोरण्यापूर्वी कागदी प्रत तीन जणांनी वेगवेगळी तपासावी, कारण दगडावरचे शुद्धलेखन दुरुस्त होत नाही. आणि मराठी मजकुरात लिव्हिंगस्टन यांना 'ते' आणि चुमा यांना 'तो' असे लिहू नये. सगळ्यांना एकच आदरार्थी रूप वापरावे.

फलकावर शरणपूरनंतरचीही हकिकत यावी. १८७० च्या दशकाच्या मध्यात मोंबासाजवळ फ्रिअर टाउन वसले, ते मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावाने. नाशिकचे अनेक आफ्रिकी तिथे परतले. तिथल्या शाळा आणि वस्ती उभारणाऱ्यांत ते होते. जेकब वेनराइट १८९२ मध्ये आजच्या टांझानियातल्या उरांबो येथे वारले, मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ मध्ये मोंबासाला. त्यांचे वंशज आणि तिथल्या समाजाचे प्रतिनिधी यांना विचारल्याशिवाय नाशिकचा मजकूर कायम करू नये. आपल्या शहराच्या अभिमानासाठी त्यांचे आयुष्य वापरले जाऊ नये, ही काळजी आपणच घ्यायला हवी.

आंतरराष्ट्रीय संस्थांनी २०२७ च्या कार्यक्रमांचा मजकूर छापखान्यात जाण्यापूर्वी तो जाहीर करावा आणि हरकतींसाठी किमान साठ दिवस द्यावेत. नाशिकच्या फलकासाठी महापालिकेने जागा ठरवून तसे जाहीर करावे. मजकुराचा कच्चा मसुदा, नावांच्या तुलनात्मक यादीसह, आम्ही तयार ठेवला आहे आणि मागेल त्या संस्थेला विनामूल्य देऊ.

कळावे.

आपले,
नाशिकच्या स्थानिक इतिहासाचे काही अभ्यासक